पाण्याखालचे दोन दगड

माझा स्वभाव संशयी आहे. दुकानदारानं हसून पुडी बांधली की मी ती घरी येऊन सोडून बघते. सुनेनं आपणहून चहा आणला की आज हिला काय हवं असेल, हे आधी मनात येतं. पोरं म्हणतात, आजीला म्हातारपण लागलं. खोटं आहे. आठ वर्षांची होते तेव्हाही मी अशीच होते, आणि तेव्हा तर मला हे काम लावून दिलं होतं. एका म्हातारीवर नजर ठेवायचं काम.

आमची वाडी भोरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकाठी. धरण होऊन फार वर्षं झाली नव्हती. त्याआधी आमची शेतं खाली नदीला लागून होती, ती बांधासकट पाण्यात गेली आणि वाडी वर टेकाडावर सरकली. मेंढरं, शेरडं, दोनचार म्हशी, एवढ्यावर सगळ्यांचं चालायचं. आम्ही डोंगरातली माणसं. नदी म्हणजे गुडघाभर पाणी, उन्हाळ्यात तेवढंही नाही. पोहणं कुणालाच येत नव्हतं, कारण पोहावं एवढं पाणी आमच्याकडं कधी नव्हतंच. आणि आता उंबऱ्यातून बघावं तर समोर नुसतं पाणी.

बायका म्हणायच्या, धरणाला दरसाली एक जीव लागतो. बांधतानाच पायाभरणीत पोर गाडलंय, त्याला सोबत हवी असते. कुणी बघितलं होतं? कुणीच नाही. पण दरसाली कुणी ना कुणी बुडायचं हे तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं, मग बाकीचंही खरंच वाटायचं.

माझा भाऊ तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याच्याआधीचे दोन भाऊ वर्षाचे व्हायच्या आत गेले होते. म्हणून याचं नाक टोचून त्यात बारीक कडी घातली होती, म्हणजे नेणाऱ्याला वाटावं ही पोरगीच आहे, आणि त्यानं पुढच्या घरी जावं. मग मी कोण होते, असा प्रश्न मला तेव्हाही पडायचा, पण विचारायची सोय नव्हती. दुधानं तोंड पोळलेली माझी आई ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायची. आमच्या घरात मरणाचा शब्द तोंडातून काढायचा नाही. बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणायचं.

म्हातारी भोयाची होती. खालच्या अंगाकडून कुठून तरी आलेली, एकटी. काठाला लव्हाळ्याची झोपडी, दोन जाळी आणि तोंडात अष्टौप्रहर तंबाखू. त्या साली शेजारची पोरगी भांडं विसळायला गेली ती घसरली, आणि दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या जाळ्यात आली. दहाव्यापर्यंत म्हातारी गप्प राहिली. मग एका सकाळी वाडीत आली आणि देवळासमोर उभी राहून म्हणाली, “पोरं द्या माझ्याकडं म्हैनाभर. पाण्यावर पडाया शिकिवते.”

पाटलांनी विचारलं, “घेणार काय?”

“काय न्हाई.”

इथंच घोडं अडलं. काहीतरी मागितलं असतं तर वाडीचा जीव भांड्यात पडला असता. फुकट शिकवणार म्हणजे आत काहीतरी आहे. पाटील म्हणाले, “मग तुला काय पडलंय एवढं?”

म्हातारीनं बाजूला जाऊन पिंक टाकली. “दरसाली तुमच्यातलं एक माझ्या जाळ्यात येतं. मासं ऱ्हात्यात, जाळं फाटतं, आन वर पंचनामा. भोरला चार चार दिस मला बसवून ठिवत्यात, तूच ढकललं का म्हून. मला कटाळा आलाय त्याचा.”

एवढं सरळ बोलणारा माणूस आम्ही बघितलेला नव्हता, त्यामुळं कुणाचाच विश्वास बसला नाही. आई घरी येऊन म्हणाली, “हिच्याच जाळ्यात बरी येत्यात समदी.”

पण वडील हट्टाला पेटले. ते म्हणाले, “पाणी आता काय मागं जायचं न्हाई. पोरगं शिकंल.” त्यांच्यापुढं आईचं चालेना, तेव्हा तिनं मला चुलीपाशी बसवून सांगितलं, “डोळ्यांत तेल घालून बघत ऱ्हायचं. ती खायाला काय देती, त्याच्या केसाला हात लावती का, तोंडानं काय पुटपुटती, समदं मला येऊन सांगायचं. आन तू पाण्यात उतरायचं न्हाई. दोघं एकदम जायला नगं.”

त्या कामाचा मला अभिमान वाटला, खरं सांगते. आईनं तोवर माझ्यावर कधी काही सोपवलं नव्हतं.

सात पोरं जमली. मी काठावरच्या खडकावर बसायची, गुडघे पोटाशी घेऊन, पापणी न हलवता. माझ्या मामाकडं मार्गासनीला विहिरीत पोरांना शिकवताना पाठीला सुकलेला भोपळा बांधायचे, ते मी बघितलं होतं. इथं भोपळा नाही. एका पोरानं विचारलंच. म्हातारी म्हणाली, “भोपळा काय जलमभर पाठीला बांधून हिंडणार हाईस व्हय? ज्या दिवशी पडशील त्या दिवशी भोपळा घरात खुंटीला असंल.” अंगरखे पण काढू द्यायची नाही. पडताना कोण अंगरखा काढून पडतं, म्हणायची. आणि हातपाय मारायलाही शिकवायची नाही. पोराच्या मानेखाली हात घालून त्याला उताणं पाण्यावर ठेवायची आणि हळूच हात काढून घ्यायची.

“मेल्यागत पड,” म्हणायची. “हात सोड, पाय सोड. त्वांड आभाळाकडं. वरडायचं न्हाई, वरडलं की प्वाटातला वारा जातो. वारा हाय तवर तू हाईस.”

मेल्यागत. ज्याच्या नाकात त्यासाठीच कडी घातली, त्या माझ्या भावाला ही बाई रोज सकाळी मेल्यागत पडायला शिकवत होती. सात पोरं पाण्यावर उताणी, तोंडं पांढरी, डोळे मिटलेले, एकाचंही बोट हलत नाही.

आणि मग ती जे करायची ते तर मला मुळीच आवडलं नाही. ती वाकून तळाचे दोन दगड उचलायची, एकेका मुठीत एकेक, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घालून काहीतरी करायची. काठावर मला आवाज म्हणून येत नव्हता. हाक नाही, टाळी नाही. आणि सातही पोरं एकदम डोळे उघडून उभी राहायची.

मी भावाला वाटेत गाठून विचारलं, “उठायचं हे तुला कसं कळतं?”

“वाजतं की.”

“मला कसं न्हाई ऐकू आलं?”

“तुला न्हाई येत,” तो म्हणाला. नाकातल्या कडीसकट नाक वर करून म्हणाला, जसं काही त्याला गादीच मिळाली होती.

झालं. माझं मन तिथंच पक्कं झालं. जे मेल्यागत पडतात त्यांनाच ऐकू येतं असं हिच्याकडं काहीतरी आहे. एक पाऊल पुढं टाकून म्हातारीला विचारायचं सोडून मी घरी जाऊन आईला सांगितलं. दगडांचं सांगितलं ते खरं होतं. ती त्या वेळी ओठ हलवून काहीतरी पुटपुटते, हे मात्र मी पदरचं घातलं. ओठ हलायचे, पण ते तंबाखूनं. तंबाखू मी बघितली होती. सांगताना गाळली.

आईनं ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं तिखटमीठ लावून पाणवठ्यावर नेलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळी वाडी म्हणायला लागली की म्हातारी धरणासाठी पोरं तयार करते. सात जणांची सवय करून घेते आणि त्यातलं एक देणार. वडील म्हणाले, हा येडेपणा आहे. पण एकटा माणूस किती बोलणार? पाटलांनी तिला झोपडी मोडून पलीकडच्या काठाला जायला सांगितलं.

ती भांडली नाही. जाळी खांद्यावर घेतली, होडीत टाकली. मी खडकावर बसूनच होते, कामगिरी फत्ते झाल्यासारखी. होडी ढकलता ढकलता ती माझ्याकडं बघून म्हणाली, “येवढं बघत बसलीस पोरी, येकदा उतरून बघायचं हुतंस.”

मी तोंड फिरवलं. बरं झालं, एक पीडा टळली, असं म्हणत आईनं त्या दिवशी मला गूळ-खोबरं दिलं. ते मी खाल्लं.

त्यानंतर दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. त्या दिवशी सगळी वाडी पाण्यावर. पुरुषमाणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एकेक मेंढरू धरून चोळणार, पोरांनी बाकीची हाकत आणायची. बें बें एवढी की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. वडील लोकरीच्या व्यापाऱ्याला बोलवायला भोरला गेले होते. आमच्या मेंढरांना चुलता होता.

आमचं जुनं शेत तिथंच पाण्याखाली होतं. शेताचा बांध पायाला लागायचा. बांधापर्यंत पाणी कमरेएवढं, बांध ओलांडला की हत्ती बुडेल एवढं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मेंढरांना नव्हतं. दोनचार मेंढरं बुजून तिकडं वळली, भाऊ बांधावरून त्यांना अडवायला गेला, आणि कळपानं त्याला बांधापलीकडं लोटलं. मी ते बघितलं. एक हात वर आला, मग नुसती मेंढरं.

मी ओरडले. लोकांनी मेंढरं बाजूला सारेपर्यंत वाऱ्यानं तो बांधापासून पंधरावीस हात आत गेला होता. उताणा, हात पसरलेले, तोंड आभाळाकडं, डोळे मिटलेले, अंगरखा फुगलेला. हलत नव्हता.

आईनं हंबरडा फोडला. ती पाण्यात धावली, तिला तीन बायकांनी धरून ठेवलं. चुलता बांधावर जाऊन उभा राहिला आणि पुढं पाऊल टाकायचं त्याचं धाडस होईना. आणि पाटील म्हणाले, “गेलं पोर. आता कुणी जीव घालवू नगा. आन हात लावू नगा कुणी, भोरचा शिपाई येऊ द्या, न्हाईतर समद्यांना चार चार दिस बसावं लागंल.” एवढं म्हणेपर्यंत दोघीतिघींनी कपाळं बडवायला सुरवात केली होती. धरणानं त्याचा जीव घेतला, असं म्हणत होत्या.

त्या काठावर एकटी मीच अशी होते की जिनं ते पडणं रोज सकाळी महिनाभर बघितलं होतं. बाकीची सहा पोरं मेंढरांमागं टेकाडावर पांगली होती. तो मेलेला नव्हता. म्हातारीनं शिकवलं होतं तसाच तो पडला होता, आणि कुणीतरी ऊठ म्हणेपर्यंत पडून राहणार होता. पण वारा त्याला आत नेत होता, आणि पाच वर्षांचं पोर किती वेळ पोटात वारा धरून ठेवणार?

“त्यो जित्ता हाय,” मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही. मी चुलत्याला हाका मारल्या. मग भावाला हाका मारल्या, घसा फाटेपर्यंत. त्याची पापणी हलेना. एक बाई मला जवळ घेऊन म्हणाली, “गप गं बाय, आता त्याला न्हाई ऐकू यायचं.”

आणि तेव्हा मला त्याचे कान दिसले. म्हणजे दिसले नाहीत. दोन्ही कान पाण्यात होते. वरून कितीही बोंबललं तरी त्याला ऐकू येणारच नव्हतं, आणि म्हातारीला ते ठाऊक होतं म्हणून ती वरून हाक मारतच नव्हती.

मला रडू कोसळलं. त्या बाईचा हात झिडकारून मी पाण्यात शिरले, मांडीएवढ्या पाण्यात, आयुष्यात पहिल्यांदा. तळाला चाचपून दोन दगड घेतले. हात कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि दगड एकमेकांवर आपटले. एकदा, दोनदा. काही होईना. म्हातारी कसं आपटायची, चपटे का टोकानं, ते मला ठाऊक नव्हतं. एवढं बघितलं आणि नेमकं तेच बघितलं नाही. मी आपटत राहिले. बोट चेंगरलं तरी आपटत राहिले.

भावानं डोळे उघडले. पायाखाली काही नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो उभा राहायला गेला, एकदा तोंडापर्यंत बुडाला, आणि परत उताणा झाला. मग त्यानं एक हात वर केला.

बायकांचं रडणं एकदम थांबलं. नुसती मेंढरं ओरडत होती.

“पटका फेका,” मी ओरडले, “त्याला पटका धराया येतो.” म्हातारी रोज लुगड्याचा पदर फेकायची आणि सांगायची, फेकलेलं धरायचं, माणसाला धरायचं नाही. चुलत्यानं डोक्याचा पटका सोडला. तो पुरेना, म्हणून पाटलांचा सोडून त्याला गाठ मारली. तिसऱ्या फेकीला टोक भावाच्या छातीवर पडलं. त्यानं ते दोन्ही मुठींत धरलं आणि न हलता पडून राहिला, आणि चुलत्यानं त्याला ओढून बांधावर घेतलं.

त्याला काठावर आणून उभं केलं. अंगातून पाणी गळत होतं, दात वाजत होते. आई त्याला मिठीत घेणार तेवढ्यात त्यानं मान वळवून इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, “म्हातारी कुठं हाय?”

आई पदरानं त्याचं डोकं पुसायला लागली.

“तिनं दगडं वाजिवली,” तो म्हणाला. “म्या ऐकली.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं म्हणजे माझ्या हातांकडं. दगड अजून माझ्या मुठीत होते. मी शेजारच्या बाईकडं बघितलं, तीच जिनं मला जवळ घेतलं होतं. ती एक पाऊल मागं सरकली. मेलेलं पोर उठवलेलं तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि कुणी उठवलं तेही.

आईनं भावाचं तोंड पदराखाली झाकलं. “टाक ते,” मला म्हणाली. “टाक आधी.”

मी टाकले. मी सांगायचा प्रयत्न केला की पाण्यातून नुसतं ऐकू जातं, त्यात काही नाही, कुणीही वाजवून बघा. पण हे सांगणारी कोण? महिन्यापूर्वी जिनं नेमकं उलटं सांगितलं होतं, तीच. दिवेलागणीला आईनं मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन भावाची दृष्ट काढली. मी रोजच्यासारखी त्याच्या शेजारी जाऊन बसले तर म्हणाली, “तू वाईच भायेर बस.” मी ओट्यावर जाऊन बसले आणि आतून मिरचीचा ठसका येत राहिला. म्हातारीला होडी ढकलताना कसं वाटलं असेल, हे मला त्या ओट्यावर कळलं.

भोरहून वडील आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला पाण्याला लांबचा वळसा घालून पलीकडच्या काठाला घेऊन गेले. म्हातारी जाळं विणत होती. “आता काय बघाया आलीस?” म्हणाली.

“उतराया आले,” मी म्हणाले. त्या ओठांचं मी खोटं सांगितलं होतं, तेही सांगितलं. तिनं पिंक टाकली. कुणाला माफ केलं म्हणून ती पिंक टाकत नव्हती, तंबाखूच संपली होती. मग माझ्या मानेखाली हात घालून तिनं मला पाण्यावर ठेवलं. परत आमच्या काठाला मात्र ती आली नाही. पाटलांनी निरोप धाडला होता तरी नाही. संशय काय मलाच येतो असं थोडंच आहे?

पुढच्या साली आमच्या काठाला मीच पोरांना पाण्यात घेतलं. वय वर्षं नऊ. आधी भाऊ, मग चुलत्याची दोघं, मग हळूहळू बाकीची. त्यांच्या आया पाठवायच्या, कारण पाणी हटत नव्हतं, आणि स्वतः येऊन खडकावर बसायच्या, कारण माझा भरवसा नव्हता. सगळ्यांच्या पुढं माझी आई. मी जिथं बसत होते तिथंच, गुडघे पोटाशी घेऊन, माझ्या हातांवर नजर ठेवून. मी दगड पाण्यात घातले की तिचा जीव वरखाली व्हायचा, ते मला पाठमोरीलाही कळायचं. किती दिवस तरी तिनं काही विचारलं नाही. एकदा घरी जाताना म्हणाली, “खरंच ऐकू जातं का गं?”

“उतरून बघ,” मी म्हणाले.

ती उतरली नाही. शेवटपर्यंत कधीच उतरली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी येताना तिनं ओटीतून दोन दगड आणले होते, मुठीत बसतील असे, गुळगुळीत, कुठं शोधले होते देव जाणे. माझ्या हातात मात्र दिले नाहीत. मीठ-मिरची जशी हातात देत नाहीत, तसे खाली जमिनीवर ठेवले, आणि चार पावलं मागं जाऊन बसली.